रोहिणीचे पाणी आणि मिसुरीचे पाणी



वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. विहारात बुद्धवंदना झाली, ग्रंथवाचन झाले आणि नेहमीप्रमाणे चहा सुरू झाला. वस्तीतला एक तरुण सुटीवर आला होता. आयटीआयला वेल्डिंग शिकून तो आता परराज्यात पाइपलाइन टाकण्याच्या कामावर आहे. त्याने मोबाइलवर एक जुनी चित्रफीत दाखवली. अमेरिकेतली थंडीची रात्र, अंधारात उभी असलेली माणसे आणि त्यांच्यावर पोलीस सोडत असलेले पाण्याचे फवारे. शेजारी बसलेल्या आजींनी विचारले, "ही कुठली माणसं? आणि एवढ्या थंडीत त्यांच्यावर पाणी का सोडलंय?"

तरुण म्हणाला, "आजी, हे तिकडचे आदिवासी. तेलाची पाइपलाइन नदीखालून नेऊ नका, आमचं पाणी नासेल, असं म्हणत होते."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाणी वाचवायला आलेल्यांना पाण्यानंच मारलं व्हय?"

त्यावर तरुणाने दुसरी बाजू मांडली. "पण आजी, पाइपलाइन अडवली तर माझ्यासारख्याच्या हाताला काम कुठून मिळणार?"

दोन्ही प्रश्न खरे होते आणि त्या दिवशी आमच्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. नंतर आम्ही या प्रकरणाची माहिती जमवली. ती या आठवड्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत. अमेरिकेतल्या पाइपलाइनशी आपला काय संबंध, असे काहींना वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

प्रकरण असे आहे. अमेरिकेच्या उत्तरेला नॉर्थ डाकोटा नावाचे राज्य आहे. तिथल्या बाकेन भागात जमिनीखालच्या खडकातून तेल काढतात. हे तेल इलिनॉय राज्यातील पाटोका गावापर्यंत नेण्यासाठी 'डाकोटा ॲक्सेस' ही पाइपलाइन आखली गेली. लांबी सुमारे १,८८६ किलोमीटर, खर्च सुमारे ३८० कोटी डॉलर, वाटेत चार राज्ये. वाटेत मिसुरी ही मोठी नदीही आहे. या नदीवर धरण बांधून झालेल्या ओआहे जलाशयाच्या तळाखालून नळ न्यायचा होता. ही जागा स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशाच्या हद्दीपासून जेमतेम अर्धा मैल वर, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या लाकोटा आणि डाकोटा लोकांचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते.

इंग्रजीत या राखीव प्रदेशाला 'रिझर्व्हेशन' म्हणतात. हा शब्द कानी पडला की आपल्याला शाळा-कॉलेजातील आणि नोकरीतील राखीव जागा आठवतात. तिथे त्याचा अर्थ निराळा. सगळा मुलूख ज्यांचा होता त्यांना एका कोपऱ्यात आणून बसवले आणि त्या कोपऱ्याला रिझर्व्हेशन म्हटले. गावकुसाबाहेर राहिलेल्या आपल्या वाडवडिलांना कोपरा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागले नसते.

आता खरी मेख पाहा. नदी ओलांडण्यासाठी आधी दुसरी जागाही विचारात होती. ती बिस्मार्क या राज्याच्या राजधानीच्या उत्तरेला होती. ती सोडून देण्याची जी कारणे सरकारी कागदांत आहेत, त्यांत लांबी आणि खर्च वाढतो हे आहे, तसेच शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरींचे क्षेत्र जवळ आहे, हेही आहे. बिस्मार्कची वस्ती बहुतांशी गोऱ्यांची. कंपनीचे म्हणणे असे की, जलाशयाच्या तळाखाली नव्वद फुटांहून खोल नळ जाणार आहे, आधीची गॅसवाहिनीही याच पट्ट्यातून जाते, धोका नगण्य आहे. यावर स्टँडिंग रॉकच्या लोकांनी साधा सवाल केला. धोका नगण्य असेल तर शहराच्या विहिरींजवळ तो मोठा कसा ठरला? आणि तिथे मोठा असेल तर आमच्या पाण्याजवळ आल्यावर लहान कसा झाला?

या सवालाचे सरळ उत्तर त्यांना कधी मिळाले नाही.

हा अविश्वास एका दिवसात निर्माण झालेला नाही. १८५१ साली आणि पुन्हा १८६८ साली फोर्ट लॅरमी येथे अमेरिकन सरकारने या लोकांशी करार केले. मोठा मुलूख त्यांचा राहील असे लिहून दिले. १८७४ साली त्यातल्या काळ्या डोंगरांत सोने असल्याची बातमी फुटली आणि १८७७ साली कायदा करून ते डोंगर काढून घेतले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन योग्य भरपाई न देता घेतली गेली असे मान्य केले आणि दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली. ही गरीब माणसे आहेत. तरीही त्यांनी ते पैसे आजवर उचललेले नाहीत. आम्ही डोंगर विकलेच नव्हते, मग किंमत कसली घ्यायची, असे ते म्हणतात.

धरणाची कथाही तशीच. १९४४ सालच्या कायद्याने मिसुरी नदीवर मोठ्या धरणांची योजना मंजूर झाली. ओआहे धरणाखाली स्टँडिंग रॉकची सुमारे ५६ हजार एकर जमीन गेली. नदीकाठची सुपीक शेते गेली, जळणाचे आणि इमारती लाकडाचे जंगल गेले, औषधी झाडपाला गेला. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे वरच्या उघड्या माळावर गेली. म्हणजे ज्या पाण्याखाली आधी त्यांची घरे बुडाली, त्याच पाण्याखालून आता तेलाचा नळ जाणार होता.

१ एप्रिल २०१६ रोजी नदीकाठी पहिली राहुटी उभी राहिली. लाडोना ब्रेव्ह बुल ॲलार्ड या बाईंनी आपल्या जमिनीजवळ हा तळ सुरू केला. त्या इतिहासाच्या अभ्यासक होत्या. २०२१ साली त्या वारल्या. या लढ्यात बायका आणि मुले पहिल्यापासून पुढे होती, हे आमच्या भगिनींनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. तिथल्या तरुण मुलामुलींनी नॉर्थ डाकोटापासून वॉशिंग्टनपर्यंत पळत जाऊन सह्यांचे अर्ज पोहोचवले. एका तेरा वर्षांच्या मुलीने लिहिलेल्या अर्जावर लाखोंनी सह्या केल्या. 'म्नी विचोनी' ही त्यांची घोषणा, म्हणजे पाणी हेच जीवन. आपल्या भाषेत तर 'जीवन' या शब्दाचा एक अर्थच पाणी आहे.

आता परवानगीचा घोळ ऐका, कारण आजच्या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

अशी पाइपलाइन मंजूर करणारे एक कार्यालय नसते. बहुतेक जमीन खासगी, तिथला निर्णय त्या त्या राज्याचा. आयोवा राज्यात तर गोऱ्या शेतकऱ्यांची जमीनही सक्तीने वापरायला घेण्याची मुभा कंपनीला मिळाली. तेही कोर्टात गेले. नदी-नाले आले की केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाची परवानगी लागते. पण प्रत्येक ओलांडणी सुटी सुटी तपासली, म्हणजे अखंड नळाचा अखंड विचार कोणी करायचा, हा प्रश्न मागेच राहतो. जुलै २०१६ मध्ये अभियंता दलाने 'पर्यावरणावर लक्षणीय परिणाम नाही' असा निष्कर्ष काढून हिरवा कंदील दाखवला. दोन दिवसांनी टोळीने दावा लावला.

९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायाधीश बोसबर्ग यांनी कामाला स्थगिती नाकारली. त्याच दिवशी ओबामा सरकारच्या तीन खात्यांनी जलाशयाजवळचे काम तूर्त थांबवा, असे सांगितले. २० नोव्हेंबरच्या रात्री ते पाण्याचे फवारे उडाले. तापमान गोठणबिंदूच्या खाली होते. जमाव आक्रमक झाला होता आणि त्याने आगी लावल्या होत्या, असे पोलिसांचे म्हणणे. आम्ही प्रार्थना करीत होतो आणि रस्ता मोकळा करीत होतो, असे तळावरच्यांचे. फवारे उडाले, रबरी गोळ्या सुटल्या आणि पुष्कळ माणसे जखमी झाली, हे मात्र दोन्हीकडच्यांना नाकारता आले नाही. ४ डिसेंबर २०१६ रोजी अभियंता दलाने जलाशयाखालून जाण्याचा हक्क नाकारला. तळावर आनंदाचे अश्रू वाहिले.

हा आनंद दोन महिने टिकला. २० जानेवारी २०१७ रोजी ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले. चारच दिवसांत त्यांनी काम लवकर उरका असा आदेश काढला. फेब्रुवारीत परवानगी मिळाली आणि जूनपासून तेल वाहू लागले. नदी, नळ आणि माणसे तीच होती. फक्त सही करणारा हात बदलला.

पुढे मार्च २०२० मध्ये त्याच न्यायाधीशांनी सरकारचा अभ्यास अपुरा आहे, सविस्तर अहवाल करा, असे सांगितले. ६ जुलै २०२० रोजी नळ रिकामा करण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने नळ बंद करण्याचा भाग रोखला. मात्र जानेवारी २०२१ मध्ये सविस्तर अहवाल हवाच, हे त्यानेही मान्य केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची दाद ऐकून घेण्यास नकार दिला. अहवालाचा मसुदा निघाला सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे तेल वाहू लागल्यानंतर सहा वर्षांनी! आधी लग्न लावायचे आणि मग मुलगा काय करतो याची चौकशी करायची, अशातला हा प्रकार.

दुसऱ्या एका पाइपलाइनची गोष्टही थोडक्यात सांगतो. 'कीस्टोन एक्सएल' ही कॅनडातून अमेरिकेत येणारी पाइपलाइन. सरहद्द ओलांडायची म्हणून राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागत होती. २०१४ च्या नोव्हेंबरात सिनेटमध्ये मतदान झाले. ६० मते हवी होती, ५९ पडली. २०१५ साली दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केला, तर ओबामांनी नकाराधिकार वापरला आणि पुढे अर्जच फेटाळला. २०१७ साली ट्रम्प यांनी परवानगी दिली. २०२१ साली बायडन यांनी पहिल्याच दिवशी ती काढून घेतली आणि कंपनीने प्रकल्प सोडला. दहा-बारा वर्षे एका देशाचे राजकारण एका नळाभोवती फिरत राहिले. दोन्ही पक्षांना निवडणुकीत सांगायला मुद्दा मिळाला. पण वाटेवरच्या शेतकऱ्यांना आणि आदिवासींना निवांत झोप मिळाली नाही.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. एकाच बाजूचे ऐकून निकाल देणे हे भगवान बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही.

पाइपलाइनवाल्यांचा पहिला मुद्दा असा की, तेल निघतेच आहे. नळ नसेल तर ते रेल्वेने जाईल. रेल्वेचा धोका काल्पनिक नाही. ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातील लाक-मेगांतिक गावात बाकेनचेच तेल नेणारी गाडी घसरून पेटली आणि ४७ माणसे मेली. दुसरा मुद्दा रोजगाराचा. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने सप्टेंबर २०१६ मध्ये या पाइपलाइनला जाहीर पाठिंबा दिला. वेल्डर, मजूर, यंत्र चालवणारे यांना चांगल्या पगाराचे काम मिळत होते. तिसरी गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. त्याच राज्यात मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या तीन टोळ्यांचा राखीव प्रदेश आहे. त्यांच्या जमिनीत तेल निघते, ते याच नळातून जाते आणि त्यावर त्यांचे शाळा-दवाखाने चालतात. नळ बंद झाला तर आमचे नुकसान होईल, असे त्यांच्या नेत्यांनी सांगितले. म्हणजे आदिवासींतही एकमत नव्हते. हे लपवून आम्ही लेख लिहिला तर तो प्रचार होईल.

रोजगाराच्या मुद्द्यावर मात्र आमच्या तरुण मित्राला एक आकडा सांगायचा आहे. कीस्टोन एक्सएलबद्दल अमेरिकन सरकारनेच २०१४ साली काढलेल्या अहवालात म्हटले होते की, बांधकामाच्या दोन वर्षांत हजारो कामे निघतील; पण बांधून झाल्यावर कायमच्या जागा राहतील सुमारे ५०. नळ टाकणाऱ्याचे काम नळ टाकून झाले की संपते. पाण्याचा धोका मात्र नळ आहे तोवर असतो. तरीही दोन वर्षांची मजुरी ही भुकेल्या घराला लहान गोष्ट नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. गिरणीत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता आणि कामगारांचे पुढारी त्यावर गप्प होते, तेव्हाही बाबासाहेबांनी त्यांना खडे सवाल केले होते. कामगाराचा हक्क आणि माणसाचा हक्क असे दोन वेगळे डबे करता येत नाहीत, हीच ती शिकवण.

मग निवाडा कसा करायचा?

इथे आम्हांला 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील रोहिणी नदीचा प्रसंग आठवतो. वर्षावासात तो विहाराविहारांतून वाचला जातो, पण पाण्याच्या वादाचा प्रसंग म्हणून त्याकडे आपण फारसे पाहत नाही. शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांच्या मधून रोहिणी वाहत होती. दोघांची शेती तिच्यावर. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दर हंगामात भांडण. एका वर्षी नोकरांत मारामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ गौतम या संघाचे सभासद होते. त्यांनी उभे राहून विरोध केला. आपल्या माणसांचीही चूक असू शकते, आधी चौकशी करा, असे ते म्हणाले. त्यांची सूचना अगदी व्यवहारी होती. आपल्यातले दोन निवडा, कोलियांतले दोन निवडू द्या, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून वाद मिटवावा.

मतदान झाले आणि सिद्धार्थांची सूचना मोठ्या बहुमताने पडली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. त्यालाही त्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांच्या कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनी जप्त करण्याची धमकी आली. घरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी स्वतः देशत्याग पत्करला आणि ते परिव्राजक झाले. ही बाबासाहेबांनी केलेली मांडणी आहे. ज्या गृहत्यागाने जगाला बुद्ध दिला, त्याच्या मुळाशी पाण्याचा तंटा आणि सभेतले एक हरलेले मत आहे.

त्या पाच जणांच्या समितीकडे नीट पाहा. सिद्धार्थांनी पाणी शाक्यांचे म्हटले नाही, कोलियांचेही म्हटले नाही. ज्यांचे पाणी त्या दोघांनाही बैठकीत सारखी जागा द्या, एवढेच म्हटले. स्टँडिंग रॉकचे भांडण नेमके या जागेवर आहे. तिथे सरकारने पत्रे पाठवली, बैठकीची आमंत्रणे दिली, कायद्याने लागते तेवढे विचारले, असे अभियंता दल म्हणते. टोळी म्हणते, तुम्ही आराखडा ठरवून मग आम्हांला कळवत होता. कळवणे आणि विचारणे यांत फरक आहे. घरात सून आल्यावर तिला 'आम्ही असं ठरवलंय' म्हणणे वेगळे आणि 'तुला काय वाटतं' म्हणणे वेगळे. हा फरक आमच्या भगिनींना आमच्यापेक्षा अधिक कळतो.

कोणी म्हणेल, तुम्ही आंबेडकरवादी विकासाच्या आड येता. हा आरोप खोटा आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदर खोऱ्याची योजना, नद्यांच्या पाण्याचा देशव्यापी विचार करणारा केंद्रीय आयोग, विजेचे धोरण, या सगळ्यांना त्यांच्या कारकिर्दीत आकार आला. पूर आणि दुष्काळ यांना दैव मानून बसणारे ते नव्हते. वीज, रेल्वे, कारखाना यांनीच गावगाड्याचा फास सैल होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून आमचे भांडण नळाशी नाही. नळाचा फायदा कोणाला, धोका कोणाला, आणि हे ठरवताना बैठकीत कोण बसले होते, एवढेच आम्ही विचारतो.

पाण्याच्या बाबतीत कागदावरचा ठराव किती हलका असतो, हे आपल्याइतके कोणाला माहीत? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. ती लागली तेव्हा डोकी फुटली. मग तळे खासगी आहे असा दावा पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली लागला. दहा वर्षे! स्टँडिंग रॉकचा खटला लांबला म्हणून नाउमेद होणाऱ्यांनी हे दहा वर्षांचे गणित ध्यानात ठेवावे.

आता आपल्या दारातली गोष्ट. आपल्या राज्यातही शेतांखालून तेलाच्या आणि गॅसच्या वाहिन्या गेल्या आहेत आणि नव्या जात आहेत. यासाठी १९६२ सालचा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनचा केंद्रीय कायदा आहे. त्यातील चार गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात.

पहिली, या कायद्याने जमीन जात नाही, जमिनीचा वापरहक्क जातो. मालक तुम्हीच राहता, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. दुसरी, अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि हरकत घेणाऱ्याला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तिसरी, वापरहक्काची भरपाई जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के आणि पीक, झाडे यांच्या नुकसानीचे वेगळे. चौथी, भरपाई मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते.

हे २१ दिवस फार महत्त्वाचे. आमच्या पाहण्यात असे घर आहे की, कागद आला तेव्हा कर्ता मुलगा कामावर बाहेरगावी, म्हातारीला वाचता येईना, तिने तो नीट घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवला. मुलगा सणाला आला तेव्हा मुदत संपली होती. जपून ठेवलेला कागद कामाला आला नाही, कारण तो वेळेवर वाचला गेला नाही. आणखी एक अडचण आपल्याच लोकांची. पुष्कळ कुटुंबे वर्षानुवर्षे गायरान कसत आहेत, पण सातबाऱ्यावर नाव नाही. साहेबांचा पहिला प्रश्न तोच असतो. कायद्यात हरकत घेण्याचा हक्क जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला आहे. तो हितसंबंध दाखवायला पावत्या, पंचनामे, पीकपाहणीचे उतारे लागतात. तेव्हा असे जे कागद घरात असतील ते एका पिशवीत एकत्र करा. विहारात शिकल्यासवरल्या मुलामुलींनी महिन्यातून एक रविवार लोकांचे कागद वाचून द्यायला बसावे. वंदनेइतकेच तेही धम्माचे काम आहे.

असो. स्टँडिंग रॉकचे लोक हरले की जिंकले, असे आम्हांला कोणी विचारेल. तेल २०१७ पासून वाहतेच आहे, तेव्हा जिंकले असे म्हणवत नाही. पण त्यांनी न्यायालयाकडून एक गोष्ट वदवून घेतली की, सरकारने नीट विचार न करता सही केली. पुढच्या नळाच्या वेळी सही करणाऱ्याचा हात क्षणभर थांबेल. रोहिणीच्या सभेतही सिद्धार्थांचे मत हरलेच होते. त्या दिवशी बहुमताने हात वर करणाऱ्यांची नावे आज कोणाला सांगता येतील?

आमच्या वेल्डर मित्राची सुटी संपली. निघण्याआधी तो विहारात आला होता. म्हणाला, "काका, काम तर मी करणारच. पण आता नवीन गावात नळ टाकायला गेलो की, हा कोणाच्या पाण्याजवळून चाललाय, एवढं बघून येत जाईन." आजी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "नुसतं बघू नको बाबा. त्यांना सांग बी."

यापेक्षा अधिक काही आम्हांला या आठवड्यात सांगायचे नाही.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!